जुन्या गाडीचं टायमिंग: आधी पॉइंट, मग लाइट, शेवटी कसारा

नाशिकहून मुंबईकडे जाताना जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर बरी चालली, म्हणून तिचं टायमिंग बरोबर आहे असं समजू नका. जाताना कसारा घाट उतरायचा असतो. खरी परीक्षा परतीला होते. गाडीत चार माणसं, डिकीत सामान, दुपारचं ऊन आणि इगतपुरीपर्यंतचा चढ. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खळखळाट येतो. नाहीतर आवाज काहीच येत नाही, पण गाडी ओढतही नाही आणि टेंपरेचरचा काटा वर सरकत राहतो. खळखळाट असेल तर टायमिंग पुढे गेलेलं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असण्याची शक्यता जास्त. गाडी नुसतीच तापत आणि रेंगाळत असेल तर ते मागे पडलेलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असते.

अशा वेळी बहुतेक जण आधी कार्ब्युरेटर खोलतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (सोमेश्वर आपल्या गंगापूर रोडलाच आहे, पण आग तिथे लागलेली नाही.) पॉइंट (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधली, करंट जोडणारी-तोडणारी टोकं) आणि टायमिंग बघायला पहिल्यांदा फार तर दोन तास लागतात. हात बसला की पाऊण तास पुरतो.

खाली दिलेली पद्धत डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असलेल्या, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच अँबेसेडर आणि काही पद्मिनी डिझेल आहेत. त्यांना स्पार्कच नसतो, त्यांचं पंप टायमिंग हे वेगळं काम. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) गाड्यांचं टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यांनाही यातलं काही लागू नाही.

टायमिंग म्हणजे नेमकं काय

प्लगवर ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एकदम फुटत नाही, जळत जातं. त्याला वेळ लागतो. पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला पोचून किंचित खाली वळला की दाब सर्वात जास्त असायला हवा. तसं होण्यासाठी ठिणगी टीडीसीच्या थोडी आधी पडावी लागते. जळायला साधारण २ मिलिसेकंद लागतात असं धरा. ८०० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक जवळपास १० डिग्री फिरतो, ३००० आरपीएमला ३६ डिग्री. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी ती यामुळे. ते काम डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजनं करतात. हलक्या ॲक्सिलरेटरवर मिश्रण पातळ आणि जळायला सुस्त असतं, तेव्हा व्हॅक्यूमची डबी अजून थोडा ॲडव्हान्स देते, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडते. आपण हाताने फक्त सुरुवातीचा बिंदू ठरवतो. पुढचं सगळं ही वजनं आणि ती डबी बघतात, अर्थात ती चालू असतील तर.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. बॉडी १ डिग्री फिरवली की टायमिंग २ डिग्री हलतं. नवखे लोक बॉडी बोटभर फिरवतात ती हे माहीत नसल्यामुळे.

काय काय लागेल

फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लगचा पाना, क्रँकच्या नटाला बसणारा मोठा पाना किंवा गाडीचं हँडल, डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पचा पाना, लहान स्क्रू ड्रायव्हर (टोकाला चुंबक असेल तर उत्तम), बारीक पॉलिश पेपर, स्वच्छ फडकं आणि स्टेशनरीच्या दुकानातलं पांढरं व्हाइटनर पेन. टेस्ट लॅम्प घरी करता येतो. १२ व्होल्टचा, ५ वॉटचा पार्किंगचा बल्ब होल्डरमध्ये बसवा, दोन वायरी काढा आणि त्यांना दोन क्लिपा लावा. टायमिंग लाइट असेल तर काम अचूक होतं. नसेल तरी टेस्ट लॅम्पवर गाडी चांगली चालण्याइतकं टायमिंग लागतं.

शेजारी अग्निशामक सिलिंडर किंवा कोरड्या वाळूची बादली ठेवा. टायमिंग चुकलं की कार्ब्युरेटरच्या तोंडातून भडका येऊ शकतो. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही.

पॉइंट नीट झाल्याशिवाय टायमिंगला हात लावू नका

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि निम्म्या चुका इथेच होतात. पॉइंट उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. गॅप बदलला की उघडण्याचा क्षणही बदलतो. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. गॅप कमी झाला तर ते मागे पडतं. टायमिंग आधी लावून मग पॉइंटचा गॅप घेतला तर पहिलं काम वाया गेलं.

पॉइंटची टाच, म्हणजे कॅमवर घासणारा तो फायबरचा तुकडा, हळूहळू झिजते. त्यामुळे गॅप आपोआप कमी होत जातो. कोणी वर्षभर लक्ष दिलं नाही तर टायमिंग मागेच पडतं, पुढे जात नाही. नुसती दुर्लक्षात पडलेली गाडी नॉकिंग (वर सांगितलेला खळखळाट) करत असेल तर मधल्या काळात कोणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवलेला असतो, किंवा इंजिनात कार्बन साठलेला असतो.

बॅटरीची अर्थ (बॉडीला जोडलेली) वायर काढा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून बघा. केसासारखी काळी रेघ दिसली तर ती करंटने कोरलेली वाट असते. पुसून ती जात नाही, कॅप बदलावी लागते. पावसाळ्यात इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या बाजूला गाडी अचानक मिसिंग करायला लागते ती बहुतेकदा या रेघेमुळे किंवा ओलीमुळे. मग रोटर, म्हणजे कॅपखाली फिरणारा तुकडा, काढा.

आता पॉइंट हाताने उघडून बघा. एका बाजूला टेकडी आणि समोर खड्डा दिसला तर फीलर गेजवर विश्वास ठेवू नका. गेजची पट्टी टेकडीवर टेकते आणि आकडा कमी दाखवते, खरा गॅप जास्त असतो. थोडी टेकडी पॉलिश पेपरने घासून निघते. खोल खड्डा असेल तर पॉइंटचा सेटच बदला, आणि त्यासोबत कंडेन्सरही, कारण पॉइंट लवकर जळण्यामागे बहुधा बिघडलेला कंडेन्सर असतो. त्याचं माप साधारण ०.२ मायक्रोफॅरड असतं. मात्र हल्ली डबीतून नवा निघालेला कंडेन्सरही खराब असतो, म्हणून चालणारा जुना फेकून देऊ नका, डॅशबोर्डच्या खणात ठेवा.

नवा सेट बसवण्याआधी जुन्याचा फोटो काढा. पॉइंटची पट्टी, कॉइलकडून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर हे तिन्ही एकमेकांना चिकटलेले, पण बॉडीपासून वेगळे राहायला हवेत. मधले प्लॅस्टिकचे वॉशर खालीवर झाले की सगळं कायमचं अर्थ होतं आणि करंटच येत नाही. नव्या पॉइंटच्या टोकांवर गंजू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो थिनरच्या फडक्याने पुसा. नाहीतर गाडी चालू होत नाही आणि नव्या सेटला नाहक दोष लागतो. स्क्रू काढताना डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या फटीवर फडकं अंथरा. खाली पडलेला स्क्रू शोधायला अख्खा डिस्ट्रिब्युटर काढावा लागतो.

गॅप घेताना इंजिन हाताने फिरवा. टाच कॅमच्या उंच कोपऱ्यावर आली की थांबा. लुकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी लागतो. फियाटच्या मूळ मारेली डिस्ट्रिब्युटरला ०.४२ ते ०.४८ मिमी. पद्मिनीत इतक्या वर्षांत कोणता बसवला गेला असेल ते सांगता येत नाही, म्हणून बॉडीवरची पट्टी किंवा कोरलेलं नाव वाचा. फीलरची पट्टी किंचित घासत जायला हवी, पॉइंट ढकलत नाही. स्क्रू आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा, कारण आवळताना तो हलतोच. ड्वेल (पॉइंट बंद राहतात तेवढा कोन) मोजणारा मीटर असेल तर चार सिलिंडरच्या या डिस्ट्रिब्युटरना ६० डिग्रीच्या आसपास, ३ इकडेतिकडे, ड्वेल यायला हवा. ड्वेल १ डिग्री बदलला की टायमिंगही क्रँकवर १ डिग्री हलतं. हिशोब इतका सरळ आहे.

तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस कॅमवर लावा. त्याहून जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं. रोटरखाली फेल्टचा तुकडा असेल तर त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा. आता शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवून बघा. खटखट हलत असेल तर बुश गेलेला आहे. असा शाफ्ट दर फेरीला वेगळा गॅप देतो आणि टायमिंग कितीही नेटाने लावलं तरी टिकत नाही. बुश करून घेणं अवघड नाही, सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत लेथवर करून मिळतो. आणि तो केल्याशिवाय पुढची मेहनत फुकट जाते.

एक नंबर सिलिंडर टीडीसीवर आणणं

एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा सिलिंडर, निदान इंजिन उभं बसवलेल्या गाड्यांत. चारही प्लग काढा, इंजिन हाताला हलकं होतं. इग्निशन बंद असल्याची खात्री करा. हँडल वापरत असाल तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत घेऊन गुंडाळू नका. टायमिंग फार पुढे असलेलं इंजिन हँडल उलटं मारतं आणि मनगट मोडतं.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर दुसऱ्या माणसाने अंगठा दाबून धरावा. इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक सुरू झाला. आता पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या काट्यांकडे येताना दिसेल. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्याच्या इंजिनांत, म्हणजे अँबेसेडरमध्ये, कव्हरवर तीन दाते असतात. लांब दाता टीडीसीचा, बाकीचे दोन त्याआधीच्या ५ आणि १० डिग्रीचे. ते तेलाच्या आणि मातीच्या थराखाली गाडलेले असतात, म्हणून रॉकेल आणि ब्रशने घासा. पुलीवरच्या खाचेत आणि लागणाऱ्या दात्यावर व्हाइटनर भरा. काही गाड्यांत खुणा पुलीवर नसून फ्लायव्हीलवर असतात आणि बेलहाउसिंगवरची रबरी टोपी काढून आत बघावं लागतं.

खूण पुढे निघून गेली तर थोडं मागे येऊन भागत नाही. पाव फेरी मागे घ्या आणि पुन्हा पुढच्या दिशेनेच खुणेवर या. टायमिंग चेनमध्ये आणि डिस्ट्रिब्युटरच्या गिअरमध्ये ढिलाई असते. मागून आलात तर ती उलट्या बाजूला पडते आणि दोन-तीन डिग्रींची चूक घुसते.

आता रोटर परत बसवून बघा. तो कॅपमधल्या एक नंबरच्या वायरकडे तोंड करून असला पाहिजे. बरोबर उलट्या बाजूला असेल तर तुम्ही एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी आहात, क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा.

पुलीवर फक्त टीडीसीची खूण असेल तर डिग्री स्वतः मोजून काढता येते. १५० मिमी व्यासाच्या पुलीचा घेर ४७१ मिमी भरतो, म्हणजे १ डिग्रीला १.३ मिमी. ५ डिग्रीला साडेसहा मिमी, १० डिग्रीला १३. कागदाची पट्टी पुलीच्या कडेला गोलाईवरच चिकटवून मापा, सरळ पट्टीने नको. खूण टीडीसीच्या कोणत्या बाजूला करायची याचा गोंधळ होतो. साधा नियम असा की पुलीवरची नवी खूण काट्यासमोर टीडीसीच्या खुणेच्या *आधी* आली पाहिजे.

दिव्यावर टायमिंग लावणं

गाडीच्या पुस्तिकेतला स्टॅटिक (इंजिन बंद असतानाचा) आकडा घ्या. पुस्तिका हरवली असेल तर ५ डिग्रीपासून सुरुवात करणं सुरक्षित. पुलीची खूण त्या आकड्यावर आणा, कॉम्प्रेशन स्ट्रोकवरच.

अर्थ परत जोडा. टेस्ट लॅम्पची एक क्लिप कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. इग्निशन चालू करा. पॉइंट बंद असले की दिवा विझतो, कारण दिव्याच्या दोन्ही टोकांना अर्थ मिळतो. पॉइंट उघडले की लागतो. म्हणजे दिवा लागण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण.

क्लॅम्पचा बोल्ट इतकाच ढिला करा की बॉडी हाताने जोर लावून फिरेल, सैल डुलणार नाही. रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते कॅप काढून, इंजिन थोडं फिरवून बघून ठेवा. आता बॉडी रोटरच्या दिशेने फिरवा, दिवा विझेपर्यंत. मग अगदी हळू उलट्या दिशेने. दिवा पेटला त्या केसभर जागी थांबा आणि बोल्ट आवळा. रोटरच्या उलट फिरवलं की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेने फिरवलं की मागे. अँबेसेडरचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून तिथे बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की ॲडव्हान्स मिळतो. काही लुकास डिस्ट्रिब्युटरना बाजूला दातेरी नट असतो आणि बाणासोबत ए आणि आर ही अक्षरं. ए म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे. तो बारीक फेरफारासाठी आहे, सुरुवातीला मध्यावर ठेवा.

आता क्रँक दोन पूर्ण फेऱ्या फिरवून परत खुणेकडे हळूहळू या. दिवा खुणेवर पेटला तर काम झालं. पेटत नसेल तर आवळताना बॉडी सरकली.

इग्निशन उगाच चालू ठेवू नका. पॉइंट बंद असताना ३ ओहमच्या कॉइलमधून ४ अँपिअर वाहत असतात, कॉइल हात पोळेल इतकी तापते. जेवायला जायचं असेल तर किल्ली काढून जा.

टायमिंग लाइट

स्टॅटिक सेटिंगमध्ये फिरत्या इंजिनाची ढिलाई आणि वजनांची हालचाल कळत नाही. ती लाइटमध्ये दिसते. प्लग, वायरी आणि कॅप परत बसवून आधी इंजिन पूर्ण गरम करा, पंधरा-वीस मिनिटं. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, चोक पूर्ण आत गेल्याची खात्री करा. रेस चढलेली असेल तर वजनं आधीच उघडतात आणि आकडा खोटा येतो. आयडलिंग पुस्तिकेत दिलंय तितकं, बहुधा ७०० ते ८०० आरपीएम, ठेवा. व्हॅक्यूमची नळी डबीवरून काढून तिचं तोंड बंद करा, जुना बोल्ट किंवा गोळी लावूनही चालतं.

लाइटची लाल-काळी क्लिप बॅटरीला लावा, बॅटरीच्या + आणि – खुणा बघून. जुन्या काही ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं, तिथे सवयीने बॉडीला काळी लावली की लाइट जळतो. मोठा चिमटा एक नंबरच्या प्लग वायरला लावा, त्यावरचा बाण प्लगकडे. लाइट खुणेवर मारा. पांढरी खूण जागच्या जागी थांबलेली दिसेल.

आणि थांबलेली दिसेल पंख्याची पातीही. लाइटच्या झोतात फिरता पंखा स्थिर दिसतो, बोट घातलं तर कापलं जातं. ओढणी, सैल बाही, हातातला कडा, गळ्यातली साखळी, सगळं काढून किंवा खोचून काम करा. लाइटच्या वायरी पंख्यापासून दूर राहतील अशा बांधा.

खूण आकड्यावर नसेल तर क्लॅम्प थोडा ढिला करून बॉडी जरा जरा हलवा. पुस्तिकेत स्टॅटिक आणि लाइटचा आकडा वेगवेगळा दिलेला असू शकतो, लाइटचा थोडा जास्त असतो. तोच घ्या.

आता खूण नीट बघत रेस हळूहळू वाढवा. खूण आकड्यापासून ॲडव्हान्सच्या बाजूला सरकत जायला हवी, गुळगुळीत. ३००० आरपीएमच्या आसपास, व्हॅक्यूम बंद असताना, या जुन्या इंजिनांत एकूण ॲडव्हान्स साधारण २८ ते ३४ डिग्रीच्या घरात जातो. मोजायला ३० डिग्रीवर एक जादा खूण करून ठेवा. १५० मिमीच्या पुलीवर ती टीडीसीपासून ३९ मिमीवर येते.

खूण हललीच नाही तर वजनं अडकलीत. इंजिन बंद करून रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळा. तो थोडा फिरून स्प्रिंगने परत यायला हवा. येत नसेल तर गंज किंवा वाळलेलं ग्रीस आहे, बेसप्लेट खोलून साफ करावी लागते. खूण इकडेतिकडे नाचत असेल तर बुश किंवा टायमिंग चेन ढिली. रेस वाढवता वाढवता खूण एकदम झेप घेत असेल तर वजनांची एखादी स्प्रिंग तुटली किंवा ताणली गेली.

व्हॅक्यूमच्या डबीची परीक्षा सोपी. कॅप काढलेली ठेवून डबीच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. आतली प्लेट सरकली आणि सरकलेलीच राहिली तर डायफ्राम ठीक. सुटून मागे आली तर फाटलाय. फाटलेल्या डबीने गाडी बंद पडत नाही, फक्त सपाट रस्त्यावर ॲव्हरेज खाते, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

कानाने टायमिंग लावू नका

बऱ्याच ठिकाणी मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवत जातात आणि आयडलिंग सगळ्यात उंच झालं की थांबतात. आयडलिंगला इंजिनावर भार नसतो, त्यामुळे जितकं पुढे तितकी रेस वाढते आणि ते पुस्तिकेतल्या आकड्याच्या बरंच पुढे जातं. गाडी गॅरेजात मस्त वाजते आणि घाटात नॉकिंग करते. शिवाय रेस वाढली म्हणून नंतर आयडलिंगचा स्क्रू सैल करतात, आणि मूळ चूक झाकली जाते. अनुभवी कान चांगलाच, पण तो रस्त्यावर लावायचा, भाराखाली.

त्यासाठी सकाळी लवकर, गर्दी नसताना, त्र्यंबक रोडसारखा मोकळा रस्ता निवडा. इंजिन गरम, चौथा गिअर, ताशी ३५-४० किमी, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. एक-दोन क्षण बारीक टिकटिक येऊन वेग वाढताच ती विरली तर टायमिंग जवळपास योग्य. टिकटिक येतच राहिली तर १ ते २ डिग्री मागे घ्या. काहीच आवाज नाही आणि गाडी जड वाटते, तर १ डिग्री पुढे घेऊन परत चालवून बघा. दर वेळी एकच बदल करा, कागदावर लिहा. टॅपेटचा आवाज आयडलिंगलाही असतो, नॉकिंग फक्त भाराखाली येतं, त्यावरून ओळखा.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हवा जरा विरळ, सिलिंडर तितका भरत नाही, म्हणून इथे गाडी एखाद-दुसरी डिग्री जास्त सहन करते. हाच मोह टाळा. इथे टोकाला लावलेलं टायमिंग शहापूर-भिवंडीच्या उन्हात आणि कसाऱ्याच्या चढावर नॉकिंग करेल. टायमिंग नेहमी गाडीला पडणाऱ्या सगळ्यात वाईट भारासाठी लावावं, घरासमोरच्या सपाट रस्त्यासाठी नाही. घाटात सतत नॉकिंग म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर हातोडी. थोडंसं मागे ठेवलेलं बरं, पण फार मागेही नको, जळणारं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जातं, मॅनिफोल्ड लाल होतो आणि रेडिएटर उकळतो.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नॉकिंगच्या दृष्टीने ते उपकारक, कारण ऑक्टेन वाढतो. पण मिश्रण पातळ पडतं आणि जुने रबरी भाग, कार्ब्युरेटरचा डायफ्राम, पेट्रोलच्या नळ्या फुगतात किंवा चिरतात. टायमिंग बरोबर असूनही गाडी ढकलत चालत असेल तर आधी ते बघा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. गॅस हळू जळतो, त्याला ॲडव्हान्स जास्त लागतो, पेट्रोलवर तोच ॲडव्हान्स नॉकिंग देतो. एकाच डिस्ट्रिब्युटरने दोन्ही सुखी होत नाहीत. जास्त वेळ ज्यावर चालवता त्याच्या बाजूने थोडा कल द्या, पण पेट्रोलवर घाटात नॉकिंग होणार नाही इतपतच.

गाडी चालूच झाली नाही तर

कार्ब्युरेटरमधून भडका आणि सायलेन्सरमधून फटाके येत असतील तर बहुधा टायमिंग पूर्ण एक फेरी चुकलंय, किंवा प्लगच्या वायरी उलट्या लागल्यात. चार सिलिंडरच्या या दोन्ही गाड्यांत क्रम १-३-४-२, आणि तो रोटरच्या फिरण्याच्या दिशेनेच मोजायचा. स्टार्टर गरम इंजिनाला अडखळत, धक्के देत फिरवत असेल तर टायमिंग पुढे. करंटच नसेल तर वॉशरचा क्रम आणि पॉइंटची टोकं पुन्हा बघा. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढायची वेळ आली तर त्याआधी रोटरची दिशा बॉडीवर आणि बॉडीची जागा ब्लॉकवर खिळ्याने ओरखडून ठेवा. तिरप्या गिअरचा डिस्ट्रिब्युटर आत जाताना रोटर थोडा फिरतो, म्हणून तो काही डिग्री आधी धरून सोडावा लागतो.

सगळं जमलं की क्लॅम्पच्या कडेला आणि ब्लॉकवर एक सरळ पांढरी रेघ ओढा आणि अंतिम डिग्री, गॅप, तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झपाट्याने बसते. ५०० किमीनंतर गॅप मोजलात आणि ०.३८ चा ०.३२ झालेला दिसला तर घाबरू नका. तो परत ०.३८ करा, आणि मग टायमिंगही पुन्हा बघा.